अपग्रेड की सबस्क्रिप्शन, वादाची पार्श्वभूमी

इमारतींच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन पैशाच्या लायकीचं आहे का, हे आधी वापरणारा ठरवायचा. ऑटोडेस्क कंपनीचं ऑटोकॅड 1982 पासून आहे, पण इथे आठवण काढायची ती रिलीज 13 ची. 1994 ला आलं, स्लो आणि बग्जनी भरलेलं, त्यामुळे कित्येक ऑफिसेस सरळ रिलीज 12 वरच बसून राहिली आणि 1997 ला 14 आलं तेव्हाच त्यांनी खिशात हात घातला. म्हणजे वाईट अपग्रेड विकलं जायचं नाही आणि त्याची झळ कंपनीला लागायची.

2016 ला ही सोय गेली. ऑटोकॅड आणि रेव्हिट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं ऑटोडेस्कचंच सॉफ्टवेअर) यांची नवीन परपेच्युअल लायसन्स, म्हणजे एकदा पैसे भरून कायमची मिळणारी, विकणं बंद झालं, पुढे फक्त भाडं, म्हणजे सबस्क्रिप्शन. ज्यांच्याकडे जुनी लायसन्स होती ते मेंटेनन्स प्लॅन (दरवर्षी पैसे भरून नवी व्हर्जन्स घ्यायची सोय) भरत राहू शकत होते, पण 2017 ला त्याचे दर 5 टक्के वाढले, 2018 ला 10 आणि 2019 ला 20. सबस्क्रिप्शनकडे ढकलायचा हा मार्ग होता, याला दुसरं काही म्हणता येत नाही मला. 2020 ला नेटवर्क लायसन्सवरही तेच झालं. आधी एक सीट, म्हणजे एक लायसन्स, अख्ख्या ऑफिसात फिरायची, सकाळी एक जण वापरणार, दुपारी दुसरा, आता प्रत्येक माणसाच्या नावाने वेगळं सबस्क्रिप्शन, आणि जुन्या एका सीटच्या बदल्यात दोन नावं मिळाली, पण पाचसहा जण ती सीट वाटून घेत असतील त्यांचं गणित कोलमडलंच. त्याच वर्षी मोठ्या आर्किटेक्चर फर्म्सनी एकत्र येऊन जाहीर पत्र लिहिलं, रेव्हिटची किंमत वाढत चाललीय आणि सॉफ्टवेअर मात्र मागे पडतंय, बरंचसं काम अजून प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, अशी तक्रार होती. स्केचअप या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरची परपेच्युअल विक्रीही 2020 लाच संपली.

सबस्क्रिप्शनची दुसरी बाजूही आहे. सुरुवातीला एकदम मोठी रक्कम लागत नाही, एखाद्या प्रोजेक्टपुरतं महिनाभर घेता येतं, नुकतंच ऑफिस काढलेल्याला हे बरंच पडतं.

पण रेव्हिटच्या बाबतीत खरा अडकित्ता फाइलचा आहे आणि त्यावर हवी तेवढी चर्चा होत नाही. नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही, मागच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायची सोयच नाही (ऑटोकॅडला निदान जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करता येतं). त्यामुळे स्ट्रक्चरलवाला, एमईपीवाला (वीज, प्लंबिंग, एसी बघणारा) आणि आर्किटेक्ट सगळे एकाच व्हर्जनवर लागतात आणि प्रोजेक्ट मध्येच वर नेणं म्हणजे जोखीम, म्हणून कित्येक प्रोजेक्ट ज्या व्हर्जनमध्ये सुरू झाले त्यातच संपवतात. सबस्क्रिप्शनमध्ये मागची काही व्हर्जन्स वापरायला मिळतात ती यासाठीच. म्हणजे तीन वर्षं चालणाऱ्या इमारतीवर काम करणारी टीम तीन नव्या व्हर्जन्सचे पैसे भरते आणि त्यातलं एकही उघडत नाही. तरी भरणं थांबवता येत नाही, कारण थांबवलं की जुनं व्हर्जनसुद्धा बंद. ज्यांनी 2016 ची परपेच्युअल सीट जपून ठेवलीय त्यांचं सॉफ्टवेअर अजून चालतं, फक्त बाहेरून आलेलं, नव्या व्हर्जनमध्ये केलेलं कुठलंही मॉडेल त्यांना उघडत नाही.