हृदयविकार ‘अपघात’ कसा ठरला

1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा लिहिला गेला तो यंत्रात हात सापडणाऱ्या कामगारासाठी. आजारांसाठी त्याला तिसरी अनुसूची, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी, जोडली: शिशाची विषबाधा, पुढे धुळीने निकामी होणारी फुप्फुसे वगैरे. आजार यादीतला असेल तर तो कामामुळेच झाला असे धरायचे. तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. यादीबाहेरचा असेल तर तो कामावरच्या ‘अपघाता’तून थेट उद्भवल्याचे दाखवणे कामगाराच्या गळ्यात. मानसिक ताण यादीत कधीच आला नाही.

त्यामुळे सगळी ओढाताण ‘अपघात’ या एका शब्दावर आली. 1953 साली मुंबई बंदरातल्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण उच्च न्यायालयात निकाली निघाले. हृदय आधीच दुखणाईत, त्यात पहाऱ्यावर छातीत कळ, मग मृत्यू. न्यायालय म्हणाले, आजार जुना असेना का. उभे राहण्या-फिरण्याच्या श्रमाने मरण लवकर ओढवले असेल तर तेवढे पुरे. ही वाट निघाली ती माणुसकीची, पण व्याख्या ताणून.

2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अरुंद केली. गाडीवरचा क्लीनर हृदयविकाराने गेला. नुसता गाडीतून प्रवास करत होता म्हणून काम ताणाचे ठरत नाही, पुरावा आणा, असा निकाल. पुरावा आणायचा कुणी, तर घरी बसलेल्या आईबापांनी किंवा बायकोने. ताणाचे काही हजेरीपत्रक नसते. 2012 मध्ये त्याच न्यायालयाने दिल्लीहून झारखंडकडे हजारावर किलोमीटर ट्रक हाकणारा चालक वाटेत अस्वस्थ होऊन दगावला, तेव्हा मात्र लांब पल्ल्याच्या चालवण्याचा ताण मान्य केला. दोन्ही निकाल आजही दोन्ही बाजूंचे वकील वाचून दाखवतात.

या सगळ्यात वाचले ते हृदय, कारण ते एका क्षणी थांबते आणि त्या क्षणाला अपघात म्हणता येते. महिनोन्‌महिने साचत गेलेल्या नैराश्याला तारीखवार दाखवता येईल असा क्षणच नसतो.

2009 च्या दुरुस्तीने कायद्याच्या शब्दांत ‘कामगार’चा ‘कर्मचारी’ झाला, कारकुनी काम वगळणारे शब्दही गेले. त्याआधी टेबलावर पिचणाऱ्यांची दादफिर्याद या कायद्यात बहुतेक नव्हतीच. या कायद्याची जागा घेणारी 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही कामाशी संबंध दिसल्यास भरपाईत घेतला. आजारांच्या अनुसूचीत ताण मात्र आजही नाही.