भोंगा वाजतो, आणि माणसे आकाश बघायला बाहेर येतात

२२ मे २०११, रविवार. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात जॉप्लिन नावाचे सुमारे पन्नास हजार वस्तीचे शहर आहे. तिथल्या शाळेचा पदवीदान समारंभ त्या दुपारी नुकताच आटोपला होता. संध्याकाळी ५ वाजून ११ मिनिटांनी शहरातले धोक्याचा इशारा देणारे भोंगे वाजले. टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारी प्रचंड वेगाची वावटळ, शहराच्या पश्चिमेला जमिनीवर टेकला ५ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास. हातात वीसहून अधिक मिनिटे होती, आणि टोर्नेडोच्या हिशेबात एवढा वेळ म्हणजे चैनच. तरीही दीडशेहून जास्त माणसे मेली. १९४७ नंतर एकट्या टोर्नेडोने अमेरिकेत इतके बळी घेतले नव्हते.

नंतर तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या पथकाने शहरात जाऊन वाचलेल्यांशी आणि अधिकाऱ्यांशी बोलून माहिती घेतली. भोंगा ऐकल्यावर तुम्ही काय केलेत, हा त्यातला कळीचा प्रश्न. बहुतेकांनी लगेच आसरा घेतला नव्हता. कुणी टीव्ही लावला, कुणी नातेवाइकाला फोन केला, कुणी दार उघडून आकाश बघितले. भोंगे नेहमीच वाजतात आणि नेहमीच काही होत नाही, हे अनेकांच्या बोलण्यात आले. त्यातून पहिला भोंगा काही मिनिटांत थांबला, म्हणजे संकट टळले असेही काहींना वाटले. ज्यांनी बाहेर येऊन पाहिले त्यांना चित्रातला तो सोंडेसारखा आकार दिसलाच नाही, कारण हा टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड लपलेला होता. त्यांना दिसला तो नुसता काळाकुट्ट पाऊस.

असे काही वाचले की त्या लोकांना बेपर्वा ठरवायचा मोह होतो. मला तो निवाडा चुकीचा वाटतो, आणि त्याची कारणे हवामानशास्त्रातही आहेत, माणसाच्या मनातही आहेत आणि घरांच्या भिंतींतही.

आधी जरा इतिहासात जाऊ. १८८० च्या दशकात अमेरिकेत हवामानाचे काम लष्कराच्या संदेशवहन विभागाकडे होते. जॉन फिनली या तरुण अधिकाऱ्याने शेकडो टोर्नेडोंच्या नोंदी गोळा करून कोणत्या परिस्थितीत ते संभवतात याचे ठोकताळे बांधले आणि १८८४ मध्ये प्रायोगिक अंदाजही वर्तवायला सुरुवात केली. वरिष्ठांनी ते बंद पाडले. अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच वापरायचा नाही, असा दंडक आला. कारण दिले गेले ते असे, की टोर्नेडोने होईल त्यापेक्षा जास्त नुकसान लोकांच्या घबराटीने होईल. हा दंडक पुढची कित्येक दशके टिकला. १८ मार्च १९२५ रोजी मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना अशी तीन राज्ये साडेतीन तासांत कापत एक टोर्नेडो सुमारे ३५० किलोमीटर गेला आणि ६९५ माणसे मेली. त्या दिवशीही कुणाला कसलीच पूर्वसूचना नव्हती.

कोंडी फुटली ती लष्कराकडूनच. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो आदळला आणि उभ्या विमानांचा चुराडा झाला. फॉबुश आणि मिलर या तळावरच्या दोन हवामान अधिकाऱ्यांना कामाला लावण्यात आले. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, नकाशावर त्यांना तशीच मांडणी दिसली आणि त्यांनी धीर करून टोर्नेडोचा इशारा दिला. त्याच संध्याकाळी तळावर दुसरा टोर्नेडो आला. एकाच ठिकाणी पाच दिवसांत दोनदा टोर्नेडो येणे हा विलक्षण योगायोग होता आणि त्या दोघांचे नशीबही जोरावर होते, पण अंदाज वर्तवता येतो हे तरी सिद्ध झाले. नागरी हवामान खात्याने १९५० मध्ये आपल्या कचेऱ्यांवरची बंदी उठवली.

त्यानंतरच्या अनुभवाने जे समोर आले ते त्या वरिष्ठांच्या भीतीच्या बरोबर उलटे होते. इशारा ऐकून माणसे सैरावैरा धावत नाहीत. ती आधी खात्री करतात. आपत्तींचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना पूर, आग, वादळ सगळीकडे हेच आढळते: पहिली सूचना मिळाली की माणूस दुसरी शोधतो. शेजारी काय करतोय ते बघतो, घरातल्यांना विचारतो, स्वतःच्या डोळ्यांनी पुरावा मागतो. शंभर वेळा अनावश्यक धावपळ वाचवणारी ही सवय आहे. फक्त टोर्नेडोच्या इशाऱ्यात सरासरी दहाएक मिनिटेच मिळतात, आणि खातरजमेत त्यातली बरीच जातात.

आता इशारे इतक्या वेळा फुकट का जातात ते पाहू. अमेरिकेच्या मध्यभागातल्या टोर्नेडोच्या पट्ट्यात वसंत ऋतूत मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा जमिनीलगत येते. वर पश्चिमेकडून कोरडी आणि थंड हवा वाहत असते. जमिनीजवळचा वारा मंद, वरचा जोरदार, आणि दोघांच्या दिशाही वेगळ्या. दोन तळव्यांमध्ये पेन्सिल धरून वरचा तळवा पुढे सरकवला की ती आडवी गरगरते. वाऱ्याच्या या दोन थरांमधली हवाही तशीच आडवी फिरू लागते. गडगडाटी ढगातला वर चढणारा प्रवाह हे आडवे फिरणे उचलून उभे करतो. आता ढगाचा काही किलोमीटर रुंदीचा भागच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात, आणि सर्वांत संहारक टोर्नेडो यातूनच जन्मतात.

अडचण अशी, की फिरणाऱ्या ढगांपैकी बहुतेकांतून टोर्नेडो येतच नाही. शेवटचा टप्पा, म्हणजे फिरणे जमिनीपर्यंत उतरणे आणि आवळत जाऊन वेगवान होणे, कधी घडतो आणि कधी नाही, हे अजून नेमके सांगता येत नाही. वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या डॉप्लर रडारला ढगातले फिरणे दिसते, पण त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. शंभर किलोमीटर दूरच्या वादळात तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचे पाहत असतो. त्याच्याखाली काय चालले आहे, हा तर्काचा भाग. मग अंदाज देणाऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात: गप्प राहून एखादा खरा टोर्नेडो हुकवायचा, किंवा इशारा देऊन बऱ्याचदा खोटे ठरायचे. अमेरिकेत दुसरा रस्ता निवडला गेला. परिणामी टोर्नेडोच्या दर चार इशाऱ्यांपैकी साधारण तीन फुसके निघतात. २००७ पासून पूर्ण जिल्ह्याऐवजी वादळाच्या वाटेपुरताच चौकोन आखून इशारा देतात, त्यामुळे विनाकारण सावध होणाऱ्यांची संख्या घटली. पण इशाऱ्याच्या चौकोनात खरोखर टोर्नेडो आला, तरी त्याची वाट बहुधा काहीशे मीटर रुंदीची असते. चौकोनातल्या बहुतेक घरांना काहीच होत नाही. ‘आपल्याकडे कधी येत नाही’ हे वाक्य त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत आजवर खरेच ठरलेले असते. केव्हिन सिमन्स आणि डॅनियल सटर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये आकडेवारीतून दाखवले, की ज्या भागात फुसक्या इशाऱ्यांचे प्रमाण जास्त, तिथे टोर्नेडोतले मृत्यू आणि जखमीही जास्त.

त्या ‘आपल्याकडे येत नाही’ला लोक कारणेही शोधतात. कॅन्सस राज्याच्या राजधानीत, टोपिकात, शहराच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड नावाची टेकडी आहे. ती शहराचे टोर्नेडोपासून रक्षण करते अशी जुनी समजूत होती. ८ जून १९६६ रोजी टोर्नेडो त्याच टेकडीवरून शहरात उतरला आणि थेट शहर चिरत गेला. आणि एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, असे मानणाऱ्यांसाठी त्याच राज्यातले कोडेल हे छोटे गाव आहे. तिथे १९१६, १९१७ आणि १९१८ अशी सलग तीन वर्षे टोर्नेडो आला, आणि तिन्ही वेळा तारीख होती २० मे!

काही समजुती निरुपद्रवी नसतात. टोर्नेडो आला की खिडक्या उघडा, म्हणजे आतला-बाहेरचा दाब समान होऊन घर फुटणार नाही, असे एकेकाळी शिकवले जाई. घर दाबाने फुटत नाही, वारा आणि त्यातून भिरकावलेल्या वस्तूंनी मोडते. खिडक्या उघडण्यात मोलाचे क्षण तेवढे जातात. महामार्गावरच्या पुलाखाली आसरा घेण्याची कल्पना १९९१ मधल्या कॅन्ससच्या एका चित्रफितीने जगभर पसरवली. त्या चित्रफितीतली माणसे वाचली खरी, पण ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेल्यांपैकी तिघे मेले. पुलाखाली वारा कमी होत नाही, उलट अरुंद जागेत त्याचा जोर वाढू शकतो.

त्याच दिवशी ओक्लाहोमातल्या मूर गावाजवळ ट्रकवर बसवलेल्या रडारने जमिनीलगतच्या थरात ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग मोजला. अशी थेट मोजणी क्वचितच मिळते. टोर्नेडोची प्रत ठरते ती नंतर, काय काय मोडले ते पाहून. ही पद्धत शिकागो विद्यापीठातल्या टेट्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये बसवली. तरुणपणी जपानमध्ये अणुबॉम्बच्या विध्वंसाची पाहणी करताना पडझडीच्या खुणांवरून उलट दिशेने कारण शोधायची नजर त्यांना मिळाली होती. आज तिची सुधारित आवृत्ती वापरतात: सर्वांत सौम्य ईएफ ० ते सर्वांत संहारक ईएफ ५. इशारा ऐकणाऱ्याला मात्र हा आकडा मिळू शकत नाही, कारण तोवर काही मोडलेलेच नसते.

मन हेच सगळ्याचे मूळ आहे का? १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जॉन सिम्स आणि ड्यूएन बाउमन यांचा एक गाजलेला लेख आला. अमेरिकेच्या दक्षिणेत टोर्नेडोने मृत्यू जास्त का होतात, हा प्रश्न. त्यांनी इलिनॉय आणि अलाबामातल्या लोकांना अर्धवट वाक्ये पुरी करायला दिली. अलाबामात उत्तरांचा कल नशीब आणि देवाकडे झुकलेला दिसला. इलिनॉयात लोक बातम्या ऐकू, तयारी करू, असे म्हणत होते. निष्कर्ष असा, की दैववादी माणूस हातपाय हलवत नाही.

निष्कर्ष आकर्षक आहे, म्हणूनच जपून घ्यावा. दक्षिणेत टोर्नेडो रात्री येण्याचे प्रमाण जास्त आहे, आणि झोपलेल्या माणसाला आकाशही दिसत नाही, टीव्हीही. १९५० ते २००५ मधल्या अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की सुमारे २७ टक्के टोर्नेडो रात्री आले, पण मृत्यूंपैकी ३९ टक्के त्यांच्यामुळे झाले. शिवाय दक्षिणेत टेकड्या आणि झाडी असल्याने दूरवरचे दिसत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, चाकांवरून आणून ठेवलेल्या हलक्या ‘मोबाइल होम’ घरांत राहणारे तिथे फार आहेत. अमेरिकेच्या लोकसंख्येत अशा घरांत राहणाऱ्यांचा वाटा दहा टक्क्यांहून कमी, पण घरात सापडून टोर्नेडोने मरणाऱ्यांत तो निम्म्याच्या आसपास. पक्क्या घरातल्या माणसाला सल्ला सोपा आहे: सर्वांत खालचा मजला, मधली बिनखिडक्यांची खोली, डोके झाकून बसा. मोबाइल होममधल्याला सल्ला एकच: बाहेर पडा. कुठे जायचे, ते प्रत्येक ठिकाणी ठरलेले असतेच असे नाही. अशा माणसाने देवाचे नाव घेतले, तर तो दैववादी आहे की त्याच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, हे अर्धवट वाक्यांवरून कसे कळणार?

बांगलादेशात हे अधिक निष्ठुरपणे दिसते. २६ एप्रिल १९८९ रोजी माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसे मेल्याचा अंदाज आहे. जगातला हा सर्वांत जीवघेणा टोर्नेडो मानला जातो. दाट वस्ती, हलकी घरे, इशारा पोहोचवणारी यंत्रणा जवळजवळ नाही. लोकांची प्रतिक्रिया तपासण्याइतका वेळच तिथे कुणाला मिळाला नाही.

घबराट कधीच होत नाही, असेही नाही. २० मे २०१३ रोजी मूर गावावर ईएफ ५ टोर्नेडो आला, २४ माणसे मेली. त्यांत एका शाळेतली सात मुले होती. अकराच दिवसांनी, ३१ मेला, जवळच एल रेनोपाशी नवा राक्षस उभा राहिला. त्याची रुंदी एका क्षणी चार किलोमीटरहून जास्त भरली. एवढा रुंद टोर्नेडो आधी नोंदला गेला नव्हता. या वेळी ओक्लाहोमा सिटी परिसरातल्या लोकांनी खात्री करत वेळ घालवला नाही. मूरच्या आठवणी ताज्या होत्या, घरात थांबलो तर मरू असे वाटून हजारोंनी गाड्या काढल्या. महामार्ग तुंबले, आणि टोर्नेडो त्या दिशेने आला असता तर बंपरला बंपर लावून उभ्या गाड्यांतली माणसे उघड्यावर सापडली असती. तो आधीच विरला. काही कुटुंबांनी पाण्याच्या नाल्यात आसरा घेतला होता, ती मात्र पुरात वाहून गेली.

मग इशारा कसा द्यावा? टोपिकात १९६६ च्या त्या संध्याकाळी बिल कर्टिस हा तरुण वृत्तनिवेदक टीव्हीवर होता. टोर्नेडो शहरात शिरल्याचे कळताच त्याने ठरावीक मजकूर सोडून दिला आणि एवढेच म्हटले, “देवासाठी तरी आसरा घ्या!” अनेकांचे प्राण त्या वाक्याने वाचले, असे तिथले लोक आजही सांगतात. जॉप्लिननंतर, २०१२ पासून, हवामान सेवेनेही प्रयोग म्हणून इशाऱ्याच्या मजकुरात परिणाम लिहायला सुरुवात केली: घरे जमीनदोस्त होतील, जीव जाऊ शकतो. हे आता देशभर चालते. या शब्दांचा अतिवापर झाला तर तेही भोंग्यासारखे बोथट होतील, ही भीती रास्तच आहे. म्हणून सर्वांत कडक शब्द मोजक्या वेळांसाठी राखून ठेवतात.

मूर गावाने मात्र लोकांच्या मनाशी झुंजण्याऐवजी घरांकडे मोर्चा वळवला. २०१४ मध्ये तिथे नव्या घरांसाठी ताशी सुमारे २१५ किलोमीटर वाऱ्याला टिकेल असे बांधकाम सक्तीचे झाले. छप्पर भिंतींना पोलादी पट्ट्यांनी बांधायचे, खिळे कमी अंतरावर मारायचे, गॅरेजचे दार मजबूत करायचे, कारण ते आधी कोसळले की वारा आत शिरून छप्पर उचलतो. ईएफ ५ च्या मधोमध सापडलेले घर याने वाचणार नाही. पण मोठ्यातल्या मोठ्या टोर्नेडोतही सर्वांत प्रचंड वारा वाटेच्या लहानशा भागातच असतो. बाकी घरांना सोसावा लागतो तो कडेचा, तुलनेने कमी वेगाचा वारा. अशा कडेच्या घरात भिंती उभ्या राहिल्या, तर दाराशी आकाश बघत थोडा जास्त वेळ रेंगाळलेल्या माणसालाही आतल्या खोलीत जाऊन वाचता येईल.