सांतान्द्रेआ खिंडीतील आप्पिया मार्ग

इटलीच्या लात्सिओ प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, फोंदी आणि इत्री या गावांच्या दरम्यान औरुंची डोंगररांगेत टिकून राहिलेला प्राचीन रोमन रस्त्याचा सुमारे ३ किमी. लांबीचा तुकडा. आप्पिउस क्लाउदिउस या रोमन अधिकाऱ्याने इ. स. पू. ३१२ मध्ये रोम ते कापुआ असा आप्पिया मार्ग बांधायला घेतला. पुढे तो ब्रिंदिसी बंदरापर्यंत नेण्यात आला. रोमच्या आग्नेयेकडील पोम्प्टाइन दलदलीतून बाणासारखा सरळ गेलेला हा रस्ता या खिंडीत मात्र डोंगराच्या कलाने वळणे घेत चढतो.

रस्त्याच्या बांधणीचे मर्म पायाखालच्या फरशीपेक्षा दरीकडच्या बाजूला अधिक कळते. उतारावर रस्ता तोलून धरण्यासाठी चुनखडीचे मोठाले, बहुकोनी दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवून उंच आधारभिंती रचल्या आहेत. प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या कोनाप्रमाणे घडवलेला आहे.

या डोंगरातला दगड पांढरट, पण जुनी फरशी काळ्या ज्वालामुखीजन्य दगडाची आहे. त्याचे कारण मैलाच्या दगडांवरच कोरलेले सापडते. पूर्वीची पांढऱ्या दगडाची फरसबंदी निरुपयोगी ठरून खराब झाली होती. म्हणून सम्राट काराकाला याने इ. स. २१६ मध्ये प्रवाशांना रस्ता अधिक भक्कम व्हावा यासाठी २१ रोमन मैलांपर्यंत (सुमारे ३१ किमी.) नवा कठीण दगड स्वखर्चाने बसवला, असे हा कोरीव लेख सांगतो. आधीच्या कामाला उघडपणे ‘निरुपयोगी’ म्हणणारा असा सरकारी लेख विरळाच.

खिंडीच्या मध्यावर एका प्राचीन देवस्थानाचे चौथरे आहेत. हे देऊळ अपोलोचे मानले जाते. त्यावर पुढे संत आंद्रेआचे चर्च उभे राहिले, त्यावरून खिंडीला नाव पडले. नंतर त्याच जागी किल्ला झाला. इत्रीचाच मिकेले पेत्झा, म्हणजे ‘फ्रा दियाव्होलो’ या टोपणनावाचा गनिमी टोळीचा म्होरक्या, याने १७९८ च्या अखेरीस नेपल्सवर चालून येणाऱ्या फ्रेंच फौजेला इथे अडवले होते. अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना डोंगर असल्याने मूठभर माणसांनाही ते जमण्यासारखे होते.

हा तुकडा शुद्ध रोमन अवस्थेत उरलेला नाही. सोळाव्या शतकात नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयांनी आणि अठराव्या शतकात तिथल्याच बुर्बों घराण्याच्या राजांनी त्याची डागडुजी केली, त्यामुळे काळ्या रोमन दगडांलगत नंतरची साधी दगडबंदीही दिसते. याला उणेपणा मानणे चुकीचे ठरेल. रोम ते नेपल्स या वाटेवरची रहदारी शतकानुशतके इथूनच होत राहिली, म्हणून रस्ता दुरुस्त होत गेला आणि म्हणूनच वाचला. आजचा राष्ट्रीय महामार्ग क्र. ७ खिंडीच्या समोरच्या अंगाने जातो. त्याचेही नाव ‘आप्पिया’च आहे. जुना रस्ता आता औरुंची निसर्ग उद्यानात असून त्यावरून पायी जाता येते. आप्पिया मार्गाचा समावेश युनेस्कोने २०२४ मध्ये जागतिक वारसा यादीत केला.