'डीएनएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही' : या एका ओळीमागचा इतिहास

व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालू आहे, आवाज स्वच्छ येतोय, आणि त्याच लॅपटॉपवर नवीन पान उघडायला गेलं की 'डीएनएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही'. राउटरचे दिवे नेहमीसारखे लुकलुकताहेत. मग नेट आहे की गेलंय? नेट आहे. चालू कॉलला पलीकडच्या यंत्राचा आकडी पत्ता आधीच मिळालेला असतो. नव्या पानाला तो अजून डीएनएसला, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला, विचारून घ्यायचा असतो आणि नेमकी ती विचारपूस अडलेली असते. वाट शाबूत, पत्ता सांगणारा गप्प. हे दोन बिघाड एकमेकांपासून वेगळे कसे झाले, ते कळायला १९८३ च्या आधी जावं लागतं.

त्या काळी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी नेटवर्कवरच्या, सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधलं नेटवर्क इन्फर्मेशन सेंटर ती सांभाळायचं आणि एलिझाबेथ फाइनलर त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवं यंत्र जोडलं की केंद्राला कळवायचं, तिथे नोंद व्हायची, मग बाकीच्यांनी ताजी प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं शेकड्यांत होती तोवर हे जमलं. पुढे यादी इतक्या वेगाने वाढू लागली, की प्रत हातात पडेपर्यंत ती शिळी झालेली असे.

ती फाइल संपली मात्र नाही. 'होस्ट्स' नावाने ती आजही विंडोज, मॅक, लिनक्स अशा प्रत्येक संगणकात आहे, आणि सहसा डीएनएसला विचारण्याआधी संगणक तिच्यातच डोकावतो. एकच साइट, एकाच संगणकावर उघडत नाही आणि घरातल्या बाकी सगळ्यांना दिसते, असं झालं तर मी आधी ही फाइल उघडून बघतो. कधीतरी कुठल्याशा प्रोग्रॅमने घातलेली एक ओळ तिथे वर्षानुवर्षं पडून असते.

एका यादीचा हा पेच सोडवण्याचं काम संशोधक जॉन पोस्टेल यांनी आपले सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे दिलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये मोकापेट्रिस यांच्या आराखड्याचे दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले, १९८७ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली, आणि आजचं डीएनएस त्याच पायावर उभं आहे. ज्याचं नाव, त्यानेच त्याचा हिशेब ठेवायचा, ही त्यातली मूळ कल्पना. विचारणाऱ्याने सगळ्यात वरच्या 'मूळ' सर्व्हरपासून खाली विचारत जायचं आणि मिळालेलं उत्तर ठरावीक वेळ जवळ ठेवायचं. साइटचा पत्ता बदलल्यावरही काहींना काही तास जुनीच साइट दिसते, ती या साठवणीमुळे.

वेग राहावा म्हणून प्रश्न आणि उत्तर यूडीपी या साध्या पाठवणी-पद्धतीच्या एकेका छोट्या पाकिटात बसवले. उत्तराला सुरुवातीला ५१२ बाइटांची मर्यादा होती. मूळ सर्व्हरांची नावं ए ते एम अशी तेराच असण्याचं कारणही हेच, कारण सगळी एका पाकिटात मावायला हवी होती. (त्या तेरा नावांमागे आज जगभर पसरलेली हजाराहून जास्त यंत्रं आहेत.) यूडीपीत आधी जोडणी जुळवणं नसतं, पोच नसते. पाकीट पाठवायचं आणि वाट बघायची. काहीच आलं नाही, तर पाकीट हरवलं, पलीकडचा सर्व्हर झोपला की मधल्या फायरवॉलने अडवलं, यातलं काहीही विचारणाऱ्याला कळत नाही. तो एवढंच सांगू शकतो : प्रतिसाद नाही.

घरी नेट दुरुस्त करायला बसणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट माझ्या मते हीच. 'असं नावच नाही' हे उत्तर आहे. 'प्रतिसाद नाही' हे मौन आहे. ब्राउझरवर दोन्हीचा चेहरा सारखाच दिसतो, पण पहिल्यात कुणीतरी तुमच्याशी बोललेलं असतं, म्हणजे वाट ठीक आहे. चूक नावात किंवा साठवलेल्या 'नाही'मध्ये शोधायची. हो, 'नाही'सुद्धा साठवलं जातं, आणि त्याचे नियम १९९८ मध्ये नक्की झाले. साइट सुरू होण्याआधीच तुम्ही तिचं नाव टाकून पाहिलं असेल, तर फोनच्या मोबाइल डेटावर ती उघडते आणि संगणक मात्र 'नाही'च म्हणत राहतो. अशा वेळी साठवलेली उत्तरं पुसायची. मौन असेल तेव्हा मात्र पुसून काही उपयोग नाही.

हा फरक एकदा वरूनच पुसला गेला होता. सप्टेंबर २००३ मध्ये '.कॉम' आणि '.नेट' सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने अस्तित्वात नसलेल्या नावांनाही स्वतःच्या शोधपानाचा पत्ता द्यायला सुरुवात केली. 'नाही' या उत्तरावर विसंबलेले स्पॅम रोखणारे प्रोग्रॅम गोंधळले, प्रचंड विरोध झाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते थांबवावं लागलं. पुढे काही इंटरनेट कंपन्यांनी आपापल्या ग्राहकांपुरता तोच प्रकार केला. चुकीच्या नावाला चुकीचं म्हणणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि ती मोडणाऱ्यांनी वापरणाऱ्यांचं खरंच नुकसान केलं.

घरातला राउटर या गोष्टीत उशिरा आला. १९९३ मध्ये डीएचसीपी आलं. यंत्राला पत्ता आणि 'डीएनएस कुणाला विचार' हे दोन्ही आपोआप मिळू लागलं. १९९४ मध्ये एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणारं नॅट आलं. घरगुती राउटरने ही दोन्ही कामं घेतली आणि डीएनएससाठीही बहुधा स्वतःचाच पत्ता वाटायला लागला, म्हणजे १९२.१६८.१.१ किंवा तसाच काही. तो प्रश्न घेतो आणि पुढे इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. या मध्यस्थाचा प्रोग्रॅम अडकला की सगळं घर गप्प होतं आणि रीस्टार्ट केल्यावर पुन्हा बोलू लागतं.

म्हणून आकडी पत्त्याला पिंग करून बघायचं, म्हणजे 'आहेस का?' असं पाकीट पाठवून उत्तर येतं का ते पाहायचं. माइक मस यांनी पिंग लिहिलं डिसेंबर १९८३ मध्ये, डीएनएसच्या दस्तऐवजांनंतर महिन्याभरातच. नाव घेतलं पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. गूगलच्या डीएनएस सर्व्हरच्या ८.८.८.८ या पत्त्याकडून उत्तर आलं आणि नावाला पिंग जाईना, तर वाट आहे, नाव नाही. मग एनएसलुकअप या, डीएनएसला थेट प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने एकच नाव दोनदा विचारायचं : एकदा राउटरकडे, एकदा थेट बाहेरच्या सर्व्हरकडे. दुसऱ्याने सांगितलं आणि पहिला गप्प राहिला, की दोष राउटरचा किंवा त्याच्यामागे असलेल्या कंपनीच्या सर्व्हरचा.

बाहेरचे सर्व्हर सगळ्यांना खुले झाले ते यानंतर : २००६ मध्ये ओपनडीएनएस, २००९ मध्ये गूगल, २०१८ मध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१. डीएनएसचा आकडा आपल्या हाताने बदलता येतो हे लोकांना कळलं. चोरांना ते आधीच कळलं होतं. डीएनएसचेंजर या व्हायरसने लाखो संगणकांत, आणि सोपा पासवर्ड असलेल्या काही राउटरांतही, तो आकडा गुपचूप बदलून ठेवला. नोव्हेंबर २०११ मध्ये टोळी पकडली गेली, पण तिचे सर्व्हर लगेच बंद केले असते तर ते सगळे संगणक एका क्षणात मुके झाले असते. म्हणून त्यांच्या जागी काही महिने चांगले सर्व्हर चालवले गेले. ९ जुलै २०१२ ला तेही बंद झाले. ज्यांनी तोवर सेटिंग तपासलं नव्हतं, त्यांच्या नेटला काही झालं नव्हतं, पण एकही नाव सापडेना.

२०१८ मध्ये डीएनएसचे प्रश्न सांकेतिक करून वेबच्याच वाटेने पाठवण्याची पद्धत प्रमाणित झाली. तेव्हापासून काही ब्राउझर राउटरला न विचारता आपल्याच निवडीच्या सर्व्हरला विचारतात. त्यामुळे एका ब्राउझरमध्ये पान उघडतं, दुसऱ्यात नाही, असं दिसलं तर राउटरला हात लावण्याआधी दोन्हींच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षित डीएनएस' कोणत्या सर्व्हरकडे वळवलेलं आहे ते पाहायचं.