‘बंगाल’ फ्लॉवर वर्गातली नव्हती

दुसऱ्या महायुद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या (ब्रिटिशकालीन भारतीय नौदलाच्या) ‘एचएमआयएस बंगाल’ला कॉर्व्हेट, म्हणजे ताफ्यांची राखण करणारी छोटी युद्धनौका म्हणतात, आणि कॉर्व्हेट म्हटलं की बहुतेकांना अटलांटिकमधली फ्लॉवर वर्गाची जहाजंच आठवतात. बंगाल मात्र ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बाथर्स्ट वर्गातली. दोन्ही वर्ग मालवाहू ताफ्यांच्या राखणीला जात, दोन्हींना वाफेचं ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन (तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणारं) होतं. पण घडण वेगळी.

फ्लॉवर साधारण ६२.५ मीटर लांब. आराखडा देवमासे पकडणाऱ्या जहाजावरून घेतलेला. एक इंजिन, एक प्रोपेलर, वेग १६ नॉट (ताशी सुमारे ३० किलोमीटर). युद्धनौका कधीच न बांधलेल्या छोट्या गोद्यांनाही ती जमावी म्हणून हा साधेपणा. किंमत खलाशांनी मोजली. सुरुवातीच्या जहाजांत झोपायची जागा पुढे आणि स्वयंपाकघर मागे, त्यामुळे जेवण उघड्या डेकवरून न्यावं लागे. लाटेत ते थंड आणि खारट होऊन पोचे. पुढचा उंच डेक मागे वाढवल्यावर हाल थोडे कमी झाले.

टाइप ७ यू-बोट, म्हणजे जर्मन पाणबुडी, पाण्यावर १७ नॉटच्या पुढे जाई, म्हणजे पाठलागात फ्लॉवर मागेच पडे. पाणबुडीने बुडी मारल्यावर काम सुरू, पण तिथेही अडचण होती. अगदी जवळ गेल्यावर अ‍ॅस्डिकचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, संपर्क तुटे. डेप्थ चार्ज (ठरावीक खोलीवर फुटणारा बॉम्ब) सेकंदाला जेमतेम ३ मीटर बुडे, म्हणजे १०० मीटर खोलीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. तेवढ्यात पाणबुडी वळून निसटे. कमी खोलीवर फुटेल असा डेप्थ चार्ज लावून जहाज हळू चालवलं, तर धक्का स्वतःच्याच मागच्या भागाला बसे.

बाथर्स्ट ५६.७ मीटरची, १५ नॉटची, पण दोन प्रोपेलरची. तिचं अधिकृत नाव ‘ऑस्ट्रेलियन माइनस्वीपर’. पाणबुडीविरोधी कामाचा बोभाटा होऊ नये हाही त्यामागचा हेतू. एकूण ६० बांधल्या गेल्या. त्यांतल्या चार रॉयल इंडियन नेव्हीच्या: बंगाल, बॉम्बे, मद्रास, पंजाब.

फ्लॉवरवर ४ इंची तोफ, बंगालवर फक्त १२ पौंडी (१२ पौंडांचा गोळा डागणारी), म्हणजे ३ इंची. ११ नोव्हेंबर १९४२ला हिंदी महासागरात ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजासोबत असताना तिची गाठ होकोकू मारू आणि आइकोकू मारू या जपानी सशस्त्र व्यापारी जहाजांशी पडली. ती दोन्ही तिच्याहून कितीतरी मोठी आणि वेगवान. तरीही बंगालने सरळ त्यांच्याकडेच मोहरा वळवला, ही कामगिरी कमालीची आहे. होकोकू मारू पेटून बुडाली. तो गोळा बंगालचा की ओंडिनाचा, यावर एकमत नाही. दारूगोळा संपत आल्यावर बंगालने माघार घेतली आणि हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया बेट गाठलं. ओंडिनाचे कप्तान मारले गेले, जहाज मात्र ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरात परतलं.

गोंधळाला आणखी एक कारण आहे. १९४५-४६मध्ये आसाम, सिंध, गोंडवाना आणि महारट्टा या खऱ्या फ्लॉवर वर्गाच्या नौकाही भारतीय नौदलात आल्या. फोटोत ओळखायचं तर धुराड्याच्या मागे बघा: फ्लॉवरवर तिथे पॉम-पॉम या विमानविरोधी तोफेचा गोल, उंच ओटा असतो. बाथर्स्टच्या मागच्या डेकवर सुरुंग काढायची विंच आणि तारा सोडायचे डेव्हिट (छोट्या क्रेनसारखे वाकडे खांब) दिसतात. मात्र एवढ्यावर निकाल देऊ नका, कारण काही फ्लॉवरवरही, विशेषतः कॅनडाच्या, सुरुंग काढायची साधनं बसवलेली होती.