व्यवसायोपचार अर्थात ऑक्युपेशनल थेरपी

आजारपण, अपघात, जन्मजात अडचण, मानसिक त्रास किंवा नुसतं वाढलेलं वय, यातल्या कशानेही रोजची कामं जमेनाशी झाली की ती परत जमावीत, निदान वेगळ्या तऱ्हेने तरी जमावीत म्हणून कामातूनच दिला जाणारा उपचार म्हणजे व्यवसायोपचार. हा शब्द पुस्तकातच राहिलाय, बोलताना सगळे ऑक्युपेशनल थेरपीच म्हणतात. हॉस्पिटलात नुसतं 'ओटी' म्हटलं तर नातेवाईक दचकतात, कारण तिथे ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर.

शब्दाबद्दल

'व्यवसाय' या शब्दाने आणखी घोळ होतो. लोकांना वाटतं की नोकरी-धंदा लावून देणारी ही काहीतरी सोय असणार, आणि मग चार वर्षांच्या पोराला व्यवसायोपचार कशाला हा प्रश्न येतो. इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा वेळ ज्यात जातो आणि ज्याला त्याच्या लेखी काही अर्थ आहे असं सगळंच, दात घासणं, मोजा चढवणं, हिशोब लिहिणं, पत्ते खेळणं, नातवाला गोष्ट सांगणं, आणि हो, नोकरीसुद्धा. इंग्रजी ऑक्युपेशनच्या मुळाशी 'व्यापणे, ताब्यात घेणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय, नेटाने केलेला उद्योग, गीतेतली 'व्यवसायात्मिका बुद्धि' आहे ती याच अर्थाची, त्यामुळे आजचा 'धंदा' हा अर्थ बाजूला ठेवला तर भाषांतर वाटतं तितकं वाईट नाही. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी काम या अर्थाच्या ग्रीक 'एर्गॉन'वरून एर्गोथेरपी हे नाव घेतलं. जर्मनीत ते कायद्याने १९९९ पासून लागू झालं, त्याआधी तिकडे 'कामात गुंतवण्याचा आणि श्रमाचा उपचार' अशा अर्थाचं लांबलचक नाव होतं.

उगम

बरीच पाठ्यपुस्तकं सुरुवात पार ग्रीक-रोमन काळात नेतात, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा वैद्य अस्क्लेपिआडीझ मनोरुग्णांना स्नान, मालिश, व्यायाम आणि संगीत सुचवायचा वगैरे. ते खरं धरलं तरी त्याचा आजच्या पद्धतीशी थेट धागा लागत नाही, प्रत्येक विद्याशाखेला आपले आजोबा शोधायची हौस असते तसलाच हा प्रकार. धागा लागतो तो अठराव्या शतकाच्या शेवटापासून. फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक (यॉर्क रिट्रीट ही मनोरुग्णांची संस्था, १७९६) यांनी मनोरुग्णांना साखळदंडात न ठेवता माणसासारखं वागवायचं, ठरलेला दिनक्रम आणि काम द्यायचं ही रीत आणली, तिला नैतिक उपचार म्हणतात. पिनेलने बेड्या तोडल्या अशी चित्रं प्रसिद्ध आहेत पण इतिहासकारांचा कल आता असा की पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या बेड्या काढण्याचं श्रेय तिथला अधीक्षक झां-बाप्तिस्त प्यूसँ याला जातं. हा प्यूसँ स्वतः आधी कातडी कमावणारा कामगार आणि नंतर त्याच संस्थेतला रुग्ण होता, म्हणजे रुग्णाला काम दिलं तर काय होतं याचा तोच एक दाखला. पुढे एकोणिसाव्या शतकात मनोरुग्णालयं फुगत गेली आणि या कामाचं बऱ्याच ठिकाणी संस्थेचं शेत आणि धोबीघाट चालवणारं फुकट श्रम झालं, हे मात्र सहसा कुणी ठळक करून सांगत नाही.

आधुनिक जन्मतारीख बहुतेक सगळे १५ मार्च १९१७ मानतात. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी 'कन्सोलेशन हाउस' नावाच्या घरात त्या दिवशी एक छोटी बैठक सुरू झाली आणि या उपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय सोसायटी स्थापन झाली. घर जॉर्ज एडवर्ड बार्टन यांचं. ते पेशाने वास्तुविशारद, क्षयाने गांजलेले, गँगरीनमुळे पायाचा काही भाग कापलेला, वर डावी बाजू लुळी पडलेली. बागकाम आणि सुतारकाम करत ते स्वतः सावरले आणि मग १९१४ च्या सुमारास तेच घर दुसऱ्यांसाठी उघडलं. बाकी हजर होते मनोविकारतज्ज्ञ विल्यम रश डंटन, समाजकार्यातून आलेल्या एलिनॉर क्लार्क स्लॅगल, हस्तकला शिकवणाऱ्या सुसान कॉक्स जॉन्सन, कॅनडातून आलेले थॉमस किडनर, आणि बार्टन यांच्या सेक्रेटरी इझाबेल न्यूटन, ज्यांच्याशी बार्टन यांनी पुढे लग्न केलं.

संस्थापक नक्की किती यावर मात्र एकमत नाही. परिचारिका सुसान ट्रेसी यांनी रुग्णांच्या कामांवर १९१० मध्येच पुस्तक लिहिलं होतं, त्या बैठकीला येऊ शकल्या नाहीत, म्हणून काही याद्यांत त्या आहेत आणि काहींत नाहीत. हर्बर्ट हॉल या डॉक्टरांना तर बोलावलंच नव्हतं, त्यांना 'जवळजवळ संस्थापक' म्हणून बाजूला बसवतात. नावाचाही वाद होता, डंटन यांचं १९१५ चं पुस्तक 'ऑक्युपेशन थेरपी' म्हणतं तर बार्टन 'ऑक्युपेशनल'वर अडून बसले होते. टिकलं ते बार्टन यांचं रूप, आणि ते शब्दाचे जनक अशीच सर्वसाधारण समजूत आहे. ती ढोबळमानाने ठीक आहे, पण कल्पना त्या काळी एकाच वेळी चारपाच डोक्यांत चालू होती हे जास्त खरं वाटतं. स्लॅगल यांनी शिकागोत केलेल्या कोर्सचं वर्षही कुठे १९०८ तर कुठे १९११ मिळतं, दुसरं जास्त पटतं.

पहिल्या महायुद्धाने या सगळ्याला रेटा दिला. जखमी सैनिकांसाठी 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणून तरुण बायका भरती झाल्या, टोपल्या विणणं, लाकूडकाम, विणमाग अशा गोष्टींतून हातपाय आणि मन दोन्ही कामाला लावायचं. टोपल्या विणायला लावणारे लोक ही थट्टा तेव्हापासून या पेशाला चिकटली ती पुढे बराच काळ सुटली नाही. मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांचा १९२२ मध्ये छापलेला निबंध हा तात्त्विक पाया समजतात, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा तोल हेच आरोग्य आणि मानसिक आजार म्हणजे बऱ्याच अंशी जगण्याची घडी विस्कटणं. ब्रिटनमध्ये एलिझाबेथ कॅसन या डॉक्टरांनी १९३० मध्ये ब्रिस्टलला डॉर्सेट हाउस ही तिथली पहिली प्रशिक्षण संस्था काढली.

पद्धत

सगळ्याच्या मुळाशी कृतीचं विश्लेषण आहे. शर्टाचं बटण लावणं हे आपल्याला एक काम वाटतं, थेरपिस्टला त्यात बसल्याजागी तोल, दोन्ही हात छातीसमोर आणणं, चिमटीची पकड, बोटांना लागणारा स्पर्श, डोळा-हाताचा मेळ, कुठलं बटण कुठल्या काजात हा हिशोब, आणि मधेच कंटाळा न येणं एवढं दिसतं. नेमकं काय अडतंय ते सापडलं की तीन वाटा असतात, माणसाची क्षमता वाढवायची, कामाची रीत बदलायची, नाहीतर वस्तू किंवा जागा बदलायची. फिजिओथेरपीशी फरक इथेच पडतो असं सांगतात, तिथे खांदा किती अंश वर गेला ते मोजतात, इथे त्या खांद्याने कपाटातला डबा निघाला का ते. प्रत्यक्षात सीमा इतकी कोरीव नसते, हाताच्या उपचारात तर दोघंही तेच करताना दिसतात.

पक्षाघात झालेल्याला कपडे घालायची रीत शिकवतात ती अशी की लुळा हात बाहीत आधी, आणि काढताना तोच शेवटी. ऐकायला फालतू वाटतं पण या एका क्रमामुळे माणूस बायकोला किंवा मुलाला हाक न मारता शर्ट घालू शकतो, आणि दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घेणं काय असतं हे ज्याने भोगलंय त्यालाच त्याची किंमत. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेल्यांपैकी काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही, ताटातलं डावं अर्ध तसंच राहतं, दाढी एकाच गालावर होते. डोळे ठीक असतात, लक्ष तिकडे जात नाही, मग नजर मुद्दाम डावीकडे नेण्याचा सराव करून घ्यावा लागतो. संधिवातात बोटांचे छोटे सांधे वाचवायला जड पिशवी मुठीत न धरता कोपराच्या वर अडकवायची, जाड मुठीचे चमचे-सुऱ्या वापरायच्या. श्वासाच्या किंवा हृदयाच्या आजारात शक्ती पुरवून वापरायला शिकवतात, अंघोळ बसून, जास्त लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर, जड कामं दिवसभरात विभागून. हातासाठी स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, बनवतात ते प्लास्टिक साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ होतं आणि थेट हातावर आकार घेतं.

प्रगती मोजायला मोजपट्ट्या बऱ्याच आहेत. कॅट्झ यांची १९६३ ची यादी सहा गोष्टींची: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवणं. १९६५ चा बार्थेल निर्देशांक दहा बाबींचा, गुण ० ते १००. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे ही आठ जास्त गुंतागुंतीची कामं धरली, गंमत म्हणजे त्यातल्या स्वयंपाक, घरकाम आणि धुण्याचे गुण पुरुषांच्या बाबतीत धरायचेच नाहीत अशी मूळची रीत होती. या पट्ट्यांचा एक दोष कायम आहे, माणसाला जमतं का एवढंच कळतं, त्याला ते करायचंय का हे कळत नाही. म्हणून १९९१ मध्ये कॅनडात आलेल्या मोजमापात रुग्णालाच विचारतात की तुला महत्त्वाचं काय, आणि ते आज किती जमतं नि त्यावर तू किती समाधानी आहेस याला दहापैकी गुण दे. ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते.

मुलांमध्ये

मुलाचा व्यवसाय खेळ, म्हणून उपचारही खेळासारखा दिसतो आणि आईबाबांना वाटतं नुसतं खेळवून सोडलं. सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं), ऑटिझम, हालचालींचा मेळ न बसणं, शिकण्यातल्या अडचणी ही नेहमीची कारणं. एका बाजूने अशक्त मुलाचा चांगला हात काही तास हातमोज्यात अडकवून दुसऱ्याकडून काम करून घेतात, मूल भडकतं, पण या उपचारामागचे पुरावे भक्कम आहेत. पेन्सिल कशी धरावी यावर शाळेत फार डोकं खाल्लं जातं. तीन बोटांची पकड हीच एक बरोबर असं शिक्षक सांगतात, पण चौथीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या पकडींमध्ये लिहिण्याचा वेग आणि अक्षराची सुवाच्यता यात फरक दिसला नाही, त्यामुळे हात दुखत नसेल आणि अक्षर लागत असेल तर पकडीच्या मागे लागू नये.

सगळ्यात वाद आहे तो संवेदी एकात्मीकरणाचा, म्हणजे सेन्सरी इंटिग्रेशनचा. अमेरिकन थेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ ए. जीन आयर्स (१९२०-१९८८) यांनी तो मांडला, मुख्य पुस्तक १९७२ चं. पाच ज्ञानेंद्रियांखेरीज आतल्या कानातून येणारी तोलाची जाणीव आणि स्नायू-सांध्यांतून कळणारी शरीराची जाणीव मेंदूत नीट जुळत नसेल तर मूल बावचळतं, कपड्याचा टॅग टोचतो म्हणून रडतं, गोंगाटात कान झाकतं किंवा उलट सारखं धडकत-उड्या मारत राहतं, असा तो विचार. झोपाळे, उतार, बॉलची टाकी हे जे थेरपी सेंटरात दिसतं ते तिथूनच आलं. मुलांची ही लक्षणं खरी आहेत यात वाद नाही, २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेने संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हे ऑटिझमच्या निकषांत घेतलं, मात्र संवेदी प्रक्रियेचा विकार असं स्वतंत्र निदान मान्य केलं नाही. उपचाराने फायदा किती हा खरा प्रश्न. २०१२ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की व्यापक उपचाराचा एक भाग म्हणून चालेल पण संशोधन तोकडं आहे हे पालकांना सांगा. २०१४ मध्ये ३२ ऑटिस्टिक मुलांच्या एका छोट्या चाचणीत ठरवलेली उद्दिष्टं जास्त साध्य झालेली दिसली, पण २०२२ ला निकाल आलेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत मुलांच्या वागण्यात नेहमीच्या सेवेपेक्षा विशेष फरक आढळला नाही. मूल शांत व्हावं म्हणून घालतात त्या वजनदार जॅकेटांच्या बाजूने तर फारसं काहीच नाही. याउलट मुलाला जे काम जमवायचंय तेच काम, तेही घरी-शाळेत, सरावाने शिकवणं याला पुरावा बरा आहे, नोव्हाक आणि होनन यांच्या २०१९ च्या आढाव्याचाही कल तिकडेच आहे. सायकल चालवायची असेल तर सायकलवरच बसवा, असं सोप्या भाषेत.

मनोविकार आणि वार्धक्य

नैराश्यात किंवा दीर्घ मनोविकारात दिवस सांगाड्यासारखा उरतो, तेव्हा उठणं-अंघोळ-एखादं छोटं काम अशी घडी परत बसवणं आणि हळूहळू ओझं वाढवणं हे चालतं, पेशा निघाला तो याच मुशीतून.

वार्धक्यावर लॉस एंजेलिसमधला १९९७ चा अभ्यास बराच उद्धृत होतो: साठीपुढचे ३६१ जण, तीन गट, नऊ महिने. एका गटाला ऑक्युपेशनल थेरपी, दुसऱ्याला नुसत्या गप्पागोष्टींचे सामाजिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाची तब्येत आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त टिकलं, गप्पावाले आणि काहीच न मिळालेले यांच्यात फरक पडला नाही, म्हणजे वेळ घालवणं पुरेसं नसतं. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, चित्र कमी स्वच्छ आहे. नेदरलँड्समध्ये २००६ च्या चाचणीत पाच आठवड्यांत दहा घरभेटी देऊन रुग्णाची रोजची कामं सुधारली आणि सांभाळणाऱ्यालाही बळ आलं, पण तोच कार्यक्रम जर्मनीत राबवला तेव्हा तसा फायदा मिळाला नाही. कपाटावर चित्रं चिकटवणं, एका वेळी एकच सूचना, गॅसला आपोआप बंद होणारी सोय असल्या उपायांना घरातले लोक आपापल्या अनुभवाने दाद देतात.

ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ १९५२ मध्ये दहा देशांच्या संघटनांनी मिळून स्थापन केला, त्यात भारतही होता, आणि पहिलं जागतिक अधिवेशन १९५४ ला एडिंबरात भरलं. २७ ऑक्टोबर हा जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिवस २०१० पासून पाळतात.