आरक्षण खरंच ‘फक्त दहा वर्षांसाठी’ होतं का?

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या पोरीला कोणी सहज ऐकवतं, ‘तुमची दहा वर्षं कधीच संपली.’ फार लागतं ते. आणि ते खरंही नाही. दहा वर्षांची मुदत कलम ३३४ मध्ये आहे, ती लोकसभा-विधानसभांतल्या राखीव जागांपुरती. घटनादुरुस्त्यांनी ती वाढत गेली, सध्या २०३० पर्यंत आहे. नोकऱ्यांचं कलम १६(४) स्वतः उघडून वाचा: एकच वाक्य, त्यात वर्षांचा आकडाच नाही. विचार आहे तो पुरेशा प्रतिनिधित्वाचा. शिक्षणाचं १५(४) १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. त्यालाही मुदत नाही. आणि राखीव मतदारसंघांना दहापेक्षा जास्त वर्षं द्यायची खुद्द बाबासाहेबांची तयारी होती, ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.